गाठीतला रायझोबियम प्लेटवर आणताना

रायझोबियम म्हणजे शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नत्र झाडाला देणारा जिवाणू. तो गाठीतून काढून प्लेटवर वेगळा वाढवायचा, तर सोयाबीन फुलावर आलं की मी विद्यार्थ्यांना फावडं घेऊन शेतात नेते. झाड उपटायचं नाही. चांगल्या गाठी तुटून मातीत राहतात. ढेकळासकट काढून बादलीत भिजत घाला. एक गाठ ब्लेडने कापून बघा. आत लालसर गुलाबी रंग हवा. तो लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा, म्हणजे नत्र बांधण्याचं काम चालू आहे. हिरवट किंवा तपकिरी निघाली तर ती गाठ संपलेली. त्याच झाडावरच्या टपोऱ्या, अखंड गाठी घ्या. दोन्ही बाजूंना मुळाचा अर्धा सेंटिमीटर तुकडा राहू द्या, चिमट्यात तोच धरता येतो.

आता धुणं. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने पाच-सहा वेळा. शेवटचं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरून ठेवा. त्यावर काही उगवलं, तर गाठ नीट धुतली गेली नाही. पुन्हा सुरुवात करा. गाठ थेंबभर निर्जंतुक पाण्यात चिरडून तो रस काँगो रेड हा लाल रंग घातलेल्या यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावर, लूपने (तारेच्या कडीने) ओढा. रायझोबियम हा रंग फारसा शोषत नाही, इतर बरेच जिवाणू शोषतात. २८ अंशाला, अंधारात ठेवा. उजेड लागला की रायझोबियमसुद्धा रंग शोषतो आणि फसगत होते.

यानंतर धीर धरा. पहिल्या वर्षी मी सोयाबीनच्या प्लेट चौथ्या दिवशी कोऱ्या म्हणून फेकल्या, ती खंत अजून आहे. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम, म्हणजे रायझोबियमचाच भाऊबंद, वाढीला संथ. टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसायलाच पाच-सात दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी उगवलेलं बहुधा उपरं असतं. तुलनेसाठी कुंडीतल्या मेथीची गाठही लावा. तिचा जिवाणू तीन दिवसांत चिकट, पांढुरक्या, फुगीर वसाहती देतो. ब्रोमोथायमॉल ब्लू (आम्लात पिवळा, अल्कलीत निळा होणारा दर्शक) घातलेल्या हिरव्या अगारवर मेथीवाला आम्ल सोडून पिवळा रंग आणतो, सोयाबीनवाला निळा. दोघेही ग्रॅम-ऋण (ग्रॅमच्या रंगचाचणीत गुलाबी दिसणारे), दंडाकार, बीजाणू न करणारे.

पण एवढ्यावर वहीत ‘रायझोबियम’ लिहू देत नाही मी. निर्जंतुक वाळूच्या दोन कुंड्या, नत्र नसलेलं पोषणद्रावण, बाहेरून निर्जंतुक केलेलं त्याच पिकाचं बी. एका कुंडीत आपला जिवाणू, दुसरीत नुसतं पाणी. चार आठवड्यांनी दोन्ही झाडं काढा. पहिलीत गुलाबी गाठी आणि दुसरीत पिवळी पानं, मुळं कोरी दिसली, की मग नाव लिहा.