स्क्रीनशॉट राहू दे, आधी डीबीएलपी उघड

दर वर्षी दोन-तीन मुलं पीएचडीचा गाइड निवडायचाय म्हणून माझ्याकडे येतात. विषय सिस्टिम्सचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, स्टोरेज, नेटवर्क वगैरे. हातात प्रत्येकाच्या एकच गोष्ट असते, गूगल स्कॉलरच्या (म्हणजे गूगलच्या संशोधन-पेपर शोधायच्या सेवेच्या) पानाचा स्क्रीनशॉट. "मॅडम, यांचा एच-इंडेक्स ४१ आहे!" एच-इंडेक्स म्हणजे पेपरांचा इतरांनी किती उल्लेख केला, त्यावरून काढलेला आकडा.

असाच आकडा उचलून मी स्वतः एकदा तोंडावर आपटले आहे. निवड समितीसाठी एका उमेदवाराचं टिपण लिहीत होते. बैठकीत शेजारच्या सरांनी शांतपणे विचारलं, "या माणसाने सांडपाण्यावर पेपर कधी लिहिला?" लिहिलाच नव्हता. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याच कुणाचे अकरा पेपर त्याच्या प्रोफाइलमध्ये आपोआप येऊन बसले होते आणि त्याने ते कधी काढले नव्हते.

म्हणून सुरुवात डीबीएलपीपासून. ही संगणकशास्त्रापुरतीच यादी आहे, जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ मध्ये सुरू झालेली. एकाच नावाची माणसं तिथे ०००१, ०००२ असे क्रमांक देऊन वेगळी केलेली असतात. नोंदींना रंग असतात: कॉन्फरन्सचे पेपर निळे, जर्नलचे लाल, अजून कुठे रीतसर न छापलेले राखाडी. सिस्टिम्समध्ये निळ्याकडे आधी बघायचं. इतर शाखांतल्या लोकांना हे पटत नाही, पण आमच्याकडे मोठं काम आधी कॉन्फरन्समध्येच येतं. मॅपरिड्यूसचा, म्हणजे प्रचंड डेटा अनेक यंत्रांवर वाटून हाताळायच्या गूगलच्या पद्धतीचा पेपर २००४ च्या ओएसडीआय कॉन्फरन्समधला.

निळ्या नोंदींत एसओएसपी, ओएसडीआय, एनएसडीआय, युरोसिस, फास्ट ही आमच्या मोठ्या कॉन्फरन्सची नावं शोधा. संख्या कमी दिसली म्हणून नाक मुरडू नका. एसओएसपी १९६७ पासून चालू आहे, पण कित्येक दशकं ती एक वर्षाआड भरायची. शिवाय इथे आधी यंत्रणा बांधावी लागते, ती चालवून दाखवावी लागते, मग पेपर. दोन वर्षं कोरी दिसली तर त्या काळात कोणीतरी फाइल सिस्टिम डीबग करत बसलेलं असू शकतं.

आता लेखकांचा क्रम. सिस्टिम्समध्ये साधारणपणे काम करणारा विद्यार्थी पहिला आणि गाइड शेवटी. गाइड पारखताना त्यामुळे पहिल्या नावांवर बोट ठेवा. तेच नाव किती वर्षं येत राहिलं? एकच पेपर करून गायब झालेली नावं बरीच असतील, तर त्यांतल्या एखाद्याला गाठून विचारा. ही माहिती कुठल्याच इंडेक्समध्ये येत नाही.

एवढं झालं की स्कॉलरकडे वळा. एच-इंडेक्सची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली: किमान एच सायटेशन्स (दुसऱ्या पेपरांत आलेले उल्लेख) असलेले एच पेपर. कागदावर करून बघा. एकाच्या पाच पेपरांना ९००, ४०, १२, ४, ३ सायटेशन्स, एच-इंडेक्स ४. दुसऱ्याच्या पाचांना ९, ८, ७, ६, ६, एच-इंडेक्स ५. पहिल्याची बेरीज ९५९, दुसऱ्याची ३६, आणि इंडेक्सने पुढे दुसरा! स्कॉलरवर एखाद्या आकड्याशेजारी तारांकन असेल तर तिथे एकाहून जास्त नोंदी जोडल्या आहेत. क्लिक करून कुठल्या ते पाहा.

खरा वेळ घालवायचा तो पुढे. सर्वांत जास्त सायटेशन्सचा पेपर सोडा, मधला एखादा घ्या, 'साइटेड बाय' (त्याचा उल्लेख करणाऱ्या पेपरांची यादी) उघडा आणि त्यातले कुठलेही दहा पेपर उतरवून घ्या. प्रत्येकात त्या पेपरचा उल्लेख नेमका कुठे येतो ते शोधा. प्रस्तावनेत "या विषयावर बरंच काम झालं आहे" असं म्हणून पुढे सात क्रमांकांचा गठ्ठा, त्यात हाही एक: ही नुसती हजेरी. मूल्यमापनाच्या भागात आलेखावर नव्या पेपरवाल्यांची रेघ आणि गाइडच्या यंत्रणेची रेघ शेजारी-शेजारी असेल, तर कोणीतरी गाइडची यंत्रणा खरोखर चालवली आहे. दहांत अशा दोन सापडल्या तरी मी खूश होते. 'साइटेड बाय'च्या यादीतच शोधायची सोय आहे. तिथे author: लिहून त्याला जोडून गाइडचंच आडनाव टाका, स्वतःच स्वतःला किती वेळा साइट केलंय त्याचा अंदाज येईल. थोडं चालतं, सगळेच करतात.

नव्या पेपरांवर सायटेशन्स बघून निकाल देऊ नका. चांगल्या कामाचीही दखल घ्यायला वेळ लागतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पॅक्सॉसचा (काही यंत्रं बंद पडली तरी बाकीच्यांचं एकमत घडवायच्या पद्धतीचा) पेपर १९९० मध्ये पाठवला, तो छापून आला १९९८ मध्ये.

शेवटी गाइडला मेल लिहाल, तेव्हा एच-इंडेक्सचं कौतुक नको. तो मधला पेपर घ्या, त्यातला एक आलेख निवडा आणि सर्व्हर वाढवल्यावर ती रेघ तिथेच का खाली वळली, ते विचारा.