लिक्विड कूलर घेण्याआधी कॅबिनेटची बाजू उघडून बघा

कॉम्प्युटरचा प्रोसेसर तापायला लागला की लगेच लिक्विड कूलर (नळ्यांतून द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणारा) घ्यावासा वाटतो. पण बरेचदा दोष कूलरचा नसतो, कॅबिनेटमध्ये हवाच खेळत नसते. पैसे घालण्याआधी एवढं करा:

१. नेहमीचं जड काम (गेम, रेंडरिंग) १५ मिनिटं चालवून प्रोसेसरचं तापमान लिहून ठेवा.
२. कॅबिनेटची बाजूची काच किंवा पत्रा काढा आणि तेच काम तेवढाच वेळ पुन्हा चालवा.

तापमान ७-८ अंशांनी उतरलं, तर पुढच्या जाळीवरची धूळ झाडा, एखादा पंखा वाढवा. तेवढ्यावर भागतं. फरक पडला नाही, तरच कूलर बदला. ६५ वॅटच्या प्रोसेसरला साधा टॉवर एअर कूलर (धातूच्या पट्ट्यांचा उभा ठोकळा आणि पंखा) पुरून उरतो. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के सारखा २५३ वॅटपर्यंत जाणारा असेल आणि तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबणार असेल, तर मात्र ३६० मिलिमीटर रेडिएटरचा (द्रव थंड करणाऱ्या जाळीचा) लिक्विड कूलरच घ्यावा, असं माझं मत. मोठे एअर कूलर १६० मिलिमीटरच्या आसपास उंच असतात, म्हणून आधी कॅबिनेटची आतली जागा मोजा.

लिक्विड बसवलाच, तर रेडिएटरचा वरचा भाग द्रव फिरवणाऱ्या पंपापेक्षा उंच ठेवा. नाहीतर हवेचे बुडबुडे पंपात साचतात, तो खुळखुळतो आणि लवकर निकामी होतो.