कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत, कोल्हापुरी चपलांच्या दुकानात नवीन लागलाईस? मग हे वाच

भावा, दिवसात पन्नास वेळा तेच प्रश्न येणार, वैतागायचं नाही.

'चावते का ओ?' याला 'नाही' म्हणू नकोस, खोटं पडतंय. सरळ सांग, नवी आहे, चार दिवस चावणार, रात्री पट्ट्याला आतनं खोबरेल तेल चोळा आणि आधी घरातच अर्धा-अर्धा तास घाला, आणि पावसात घालू नका हे न विचारता सांगायचं, नायतर जुलैत फुगलेली जोडी घेऊन दारात हजर.

'ओरिजिनल हाय का?' हातात द्यायची. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याला वास असतोय, नाकाला कळतंय, बोलायची गरजच नाही.

'करकर वाजत नाही मग कोल्हापुरी कसली?' हसायचं. सगळ्याच वाजत नाहीत.

जून 2025 ला प्राडा या इटालियन ब्रँडच्या मिलानमधल्या फॅशन शोत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हापासून 'प्राडावाली दाखवा' सुरू झालंय. असं कोण म्हणालं की साधी कानवाली (बाजूला कानासारख्या पट्ट्यांची) काढून ठेवायची, गप.

'अथणीची म्हणजे डुप्लिकेट ना?' इथं मात्र थांबून सांग, 2019 चा जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन) महाराष्ट्र-कर्नाटक दोघांचा आहे, चार-चार जिल्हे, त्यात अथणीचा बेळगाव जिल्हा पण येतोय.

आणि 'लास्ट किती?' आला की मालकाकडं बोट.