कॅम्पर घेऊन नगर ते हंपी: दोघांनी निघण्याआधीची तयारी

गाडीची उंची मोजा. कपडे, किराणा, बुकिंग हे सगळं नंतर. कंपनीच्या माहितीपत्रकातली उंची धरू नका, आणि भाड्यानं देणाऱ्यानं फोनवर सांगितलेली तर मुळीच नको. ती मूळ गाडीची असते. ट्रॅव्हलर व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, करताना टपावर एसी, सोलर पॅनल, हवेचं झाकण आणि कॅरिअर चढतं, बाजूला ऑनिंगची, म्हणजे ओढून काढायच्या कापडी छपराची, पेटी लागते, आणि हा वाढावा कुठेच लिहिलेला नसतो. मागच्या वेळी केलेल्या तयारीच्या यादीत ही ओळ नव्हती. या वेळी ती पहिली आहे आणि पुढेही पुन्हा पुन्हा येणार आहे.

मोजायची रीत अशी. सपाट सिमेंटची जागा शोधा, टायरांत नेमकी हवा भरा, पाण्याची टाकी रिकामी ठेवा. रिकामीच, कारण भरलेली गाडी स्प्रिंगांवर थोडी खाली बसते, आणि परतीच्या वाटेवर पाणी संपलं की तीच गाडी पुन्हा उंच होते. जाताना पार झालेल्या कमानीखाली येताना एसीचं झाकण घासतं ते यामुळेच. शिडीवर चढून टपावरच्या सर्वांत उंच वस्तूवर ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी ठेवा, तिचं टोक गाडीबाहेर काढा, पाणसळीनं ती सपाट आहे ना ते बघा, टोकातून ओळंबा सोडा आणि जमिनीपर्यंत टेप लावा. २.९५ मीटर आले तर १५ सेंटिमीटर मिळवून ३.१० धरा. हाच आकडा फुटांतही लिहा, १० फूट २ इंच, कारण जुन्या पाट्यांवर फूट असतात आणि नव्या पाट्यांवर मीटर. जाड पेनानं चिकटपट्टीवर लिहून ती चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, काचेच्या वरच्या कडेला लावा. मोबाइलमध्ये लिहून ठेवलेली उंची ऐन वेळी कामाला येत नाही.

दुसरं माप बहुतेक जण घेतच नाहीत: खांद्याचं. ऑनिंगची पेटी डाव्या बाजूला वरच्या कडेला असते, म्हणजे वरचा डावा कोपरा सर्वांत बाहेर आलेला असतो. पेटीची वरची कड जमिनीपासून किती उंच आणि गाडीच्या मध्यरेषेपासून किती दूर, हे दोन्ही मोजा. रेल्वेपुलाचा गर्डर सपाट असतो, तिथे एक उंची पुरते. या वाटेवर मात्र वेशी आहेत, आणि वेशीची कमान मध्यभागी उंच आणि कडेला खाली उतरलेली असते. समोरून ट्रॅक्टर आला की तुम्ही आपोआप डावीकडे सरकता, म्हणजे कमान जिथे सर्वांत कमी तिथेच तुमचा सर्वांत बाहेर आलेला कोपरा जातो. ‘एसटी जाते, मग आपली का जाणार नाही’ हा हिशेब इथेच फसतो. एसटीचा चालक समोरची वाहनं थांबल्याशिवाय वेशीत शिरत नाही आणि बरोबर मधून काढतो. तुम्हीही तसंच करा. मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

दौलताबादला हे टाळता येत नाही. संभाजीनगरहून वेरूळला जाणारा रस्ता किल्ल्याच्या तटातल्या दिल्ली दरवाजातून जातो आणि सुट्टीच्या दिवशी तिथे दोन्ही बाजूंनी रांग लागते. सकाळी लवकर पार करा. दरवाजाच्या अलीकडे थांबा, दोघांपैकी एकानं उतरून पुढे जायचं, समोरची वाहनं मोकळी होऊ द्यायची, मग हातानं बोलवायचं. खुद्द शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, त्यातले बरेच उभे आहेत आणि काहींच्या पोटातून आजही रहदारी चालते. पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा त्यातलाच. म्हणून बीबी का मकबरा आणि पाणचक्कीला कॅम्पर नेऊच नका. गाडी मुक्कामी लावा, रिक्षा करा. मलिक अंबरनं १६१२ मध्ये बांधलेला भडकल दरवाजा तर पायी बघण्याचीच गोष्ट आहे.

वेशींखेरीज उंची आडवी येते ती रेल्वेखालच्या बोगद्यांत. फाटकाआधीच्या लोखंडी चौकटीची काळजी नको, ती साडेचार मीटरच्या वर असते. घोटाळा होतो तो बंद केलेल्या फाटकांच्या जागी केलेल्या भुयारी रस्त्यांत. यांची उंची कुठे साडेतीन मीटर असते, कुठे त्याहून कमी, आणि मोबाइलवरचा नकाशा दोन किलोमीटर वाचवायला नेमका तिथेच नेतो. आदल्या रात्री दोघांनी मिळून दुसऱ्या दिवसाची वाट मोठी करून बघा. रूळ कुठे ओलांडायचे आहेत ते शोधा, पूल आहे की भुयार ते ओळखा, शंका आली तर हायवेनं लांबून जा. पाटीवरचा आकडाही पूर्ण खरा मानू नका: खाली डांबराचा थरावर थर चढतो आणि पाटी जुनीच राहते. कमानीच्या तोंडाशी गतिरोधक असेल तर त्यावर गाडी उसळते, तेवढीही जागा धरा. पालिकेच्या वाहनतळावरचा आडवा दांडा, हॉटेलचा पोर्च, उत्सवाची स्वागत कमान, रस्त्यावर झुकलेली वडाची फांदी या सगळ्यांना तोच नियम: उतरा, बघा, मग पुढे. लोंबती वायर मात्र काठीनं उचलायची नाही. सरळ मागे घ्या.

आता वीज. दोघांसाठी २०० अँपिअर-तासाची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. फ्रिज, दिवे, पंखा, मोबाइल यांना ती रात्रभर पुरून उरते. एक टनाचा एसी लावलात तर दोन-अडीच तासांत संपते. म्हणून एसी लावायचा तर बाहेरची वीज घ्या, नाहीतर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच निघा, तेव्हा त्याची गरज पडत नाही. वायर तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटरची, २५ मीटर घ्या आणि वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर भार आला की तापते आणि वितळते. टोकाला सोळा अँपिअरचा प्लग आणि सहा अँपिअरचा जोडही ठेवा, पण सहाच्या सॉकेटवर एसी किंवा इंडक्शन नको. सॉकेट तपासणारा तीन दिव्यांचा टेस्टर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. ढाब्यांवर आणि लहान लॉजांवर अर्थिंगचं भोक असतं, तार नसते. तसं असेल तर गाडी जोडू नका, कारण गाडीचा पत्रा आणि तुम्ही अनवाणी पायानं ओल्या जमिनीवर, हा जीवघेणा मेळ आहे. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, आहे का ते विचारून घ्या आणि त्याचं टेस्टचं बटण स्वतः दाबून बघा.

पाणी: शंभर लिटरची टाकी दोघांना काटकसरीनं तीन दिवस. पिण्याचं वेगळं, वीस लिटरच्या जारमध्ये. मराठवाड्यात बोअरचं पाणी जड असतं, पंपाच्या जाळीवर पांढरा थर बसतो, म्हणून जाळी दर दोन-तीन दिवसांनी काढून धुवा. पाइप पंधरा मीटर, अर्धा आणि पाऊण इंची दोन्ही नळांचे जोड आणि चार क्लिपा. जोड नसेल तर नळ समोर असूनही पाणी भरता येत नाही.

संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, वीसेक लिटरची असते, दोघांना तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामी झालीच पाहिजे, मग भरलेली असो वा नसो. आपल्याकडे यासाठी वेगळी सोय नाही, म्हणून पेट्रोलपंपावर किंवा रिसॉर्टवर विचारून, सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासात ओता आणि दोन बादल्या पाणी टाका. नाल्यात, शेतात, गटारात ओतायचं नाही, यावर चर्चा नाही. ॲसिड आणि फिनेल कॅसेटमध्ये घालू नका, रबरी सील फुगून गळायला लागतं. हातमोजे हवेतच.

गॅस: पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, तेव्हा सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळीचं भोक हवं. नळीवरची तारीख बघा. गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद.

कागदपत्रं तुम्हाला ठाऊक आहेत. दोनच गोष्टी बघा: भाड्याच्या गाडीचं परमिट कर्नाटकात चालतं का, आणि फास्टॅगचा वर्ग आरसीशी जुळतो का. एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. दोघांनाही चालवता आली पाहिजे, निदान मागे घेता आली पाहिजे. मागे घेताना बाहेर उभं राहणाऱ्यानं आरशात दिसेल असंच उभं राहायचं, आणि ‘थांब’ची खूण आधी ठरवायची, मूठ वर. बाहेरच्यानं मागचा बंपर बघण्याआधी वर बघायचं. वर. फांदी, छज्जा, वायर.

जॅक पाच टनांचा बाटलीजॅक घ्या आणि त्याखाली फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी. नगरच्या पुढे काळी माती आहे, तिच्यात जॅक फळीशिवाय नुसता रुततो. त्याच मातीमुळे पाऊस पडून गेल्यावर रस्त्याच्या कडेला गाडी उतरवू नका, कोरडी दिसली तरी. रात्री उताराकडे डोकं येणार नाही इतकी गाडी सपाट करायला लाकडी पाचरी दोन, चाकं रोखायला दोन. अंधार पडल्यावर चालवायचं नाही: या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्यांशिवाय रस्त्यावर असतात, दोन-दोन जोडलेल्या.

वार बघून निघा. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. अजिंठ्याला गाडी फर्दापूर फाट्यावर लावून तिथल्या बसनं लेण्यांपर्यंत जायचं असतं, म्हणजे कॅम्पर दिवसभर एकटा उभा. झडपा, गॅस, वरचं झाकण बंद करूनच उतरा. लोणार या फेरीत कोंबू नका, ते वेगळं करा. नवरात्र ते कोजागिरी तुळजापूरचा रस्ता टाळा, सोलापूरकडून पायी येणाऱ्यांनी तो भरलेला असतो आणि त्यांच्या वाटेत मोठी गाडी घालणं बरं नाही.

वाटेतली ठिकाणं. पुण्याकडून येत असाल तर नगरच्या अलीकडे, शिरूरहून आत निघोजचे रांजणखळगे: कुकडीच्या पात्रात दगडगोट्यांनी घुसळून केलेले खोल खड्डे, पाणी कमी असताना बघावेत, शेवाळावर चप्पल घसरते. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय, आणि पाथर्डी रस्त्यावर डोंगरावरचा सलाबतखानाचा मकबरा, लोक त्याला चांदबीबीचा महाल म्हणतात. चढ आहे, फांद्या आहेत, वर बघत जा. संभाजीनगरपासून पुढे बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, विजापूर अशी एकाच ५२ क्रमांकाच्या महामार्गावरची सरळ वाट आहे. बीडला तळ्यातलं कंकालेश्वर आणि शहराबाहेरची खजाना विहीर, मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना खालचा गिअर. नळदुर्ग थोडं आडवाटेला, पण पाणीमहाल सोडू नका. नर-मादी धबधबे मात्र पावसाळ्यातच. हिवाळ्यात त्यांच्यासाठी वाट वाकडी करणं व्यर्थ.

विजापूर. नगरला १५४९ मध्ये ओतलेली मुलूखमैदान तोफ इथे बुरुजावर आहे, म्हणजे तुम्ही आलात त्याच मुलखातून ती आली. गोलघुमटात दार उघडताच शिरा, गर्दी झाली की प्रतिध्वनी नुसता गोंगाट होतो. गाडी मयूरा आदिलशाही हॉटेलच्या आवारात लावता येईल का, आधी फोन करून विचारा, आणि विचारताना फाटकाची उंचीही विचारा.

बदामीला माकडं. वरचं झाकण उघडं राहिलं तर आतलं सगळं बाहेर. लेण्यांकडची गल्ली अरुंद, गाडी मुख्य रस्त्याला ठेवा. पट्टदकल, ऐहोळे एका दिवसात. हंपीला मुक्काम कमलापूर किंवा होसपेटला, विठ्ठल मंदिरापर्यंत विजेवरची गाडी, बाकी सायकल.

परत निघताना टाकी रिकामी असेल. गाडी तेवढी उंच झालेली असेल. चिकटपट्टीवरचा आकडा पुन्हा वाचा, टपावर चढून झाकण आणि कॅरिअरचे पट्टे बघा, काही वर बांधलं असेल तर पुन्हा ओळंबा सोडून मोजा.