गोव्यात डोंगरउतारावर घर बांधताना

डोंगरउतारावरचा भूखंड घेण्याआधी परवानाधारक सर्वेक्षकाकडून एकेक मीटरच्या समोच्च रेषांचा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा करून घ्यावा. या कामात पैसे वाचवणे पुढे फार महागात पडते. चार मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ म्हणजे २५ टक्के उतार, आणि त्याहून तीव्र उतार गोव्याच्या जमीनवापराच्या ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ ने बांधकामासाठी वर्ज्य मानले आहेत. तो भाग वगळून उरलेल्या जागेत घर बसत नसेल, तर भूखंड घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमिनीचा झोनिंग दाखला (ती कोणत्या वापरासाठी राखली आहे ते सांगणारा), एक-चौदाचा नमुना (जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) आणि सनद (जमीन बिगरशेती वापरास देण्याची परवानगी) तपासावी, तसेच ती जमीन खाजगी वनक्षेत्रात मोडत नाही याची खात्री करावी. नगर नियोजन कायदा, १९७४ च्या कलम १७-अ नुसार डोंगर कापण्यास मुख्य नगर नियोजकांची लेखी पूर्वपरवानगी लागते. पंचायतीचा बांधकाम परवाना आणि झाडे तोडण्यासाठी वनखात्याची परवानगी या त्याहून वेगळ्या बाबी आहेत.

परवानगी मिळाली तरी डोंगर शक्य तितका कमी तासावा. आपल्याकडे वरचा जांभा कठीण असला, तरी त्याखाली पुष्कळदा पांढरट, गुळगुळीत चिकणमाती असते. पायथा उभा कापून ती उघडी पडली आणि पावसाचे पाणी तिच्यात मुरले, की वरचा जांभा आधारासकट खाली सरकतो. म्हणून सपाट पटांगण करण्याऐवजी घर टप्प्याटप्प्याने उतरते ठेवावे किंवा खांबांवर उचलावे, आणि पाया किती खोल घ्यायचा हे मातीपरीक्षणानंतर स्ट्रक्चरल इंजिनियरने ठरवावे.

सर्वांत जास्त विचार पाण्याचा करावा. घराच्या वरच्या बाजूला आडवा चर खणून डोंगरावरून येणारे पाणी बाजूच्या नैसर्गिक ओहोळाकडे वळवावे, मात्र ओहोळ बुजवू नये. संरक्षक भिंतीमागे खडीचा थर भरून भिंतीत पाणी निघण्याची छिद्रे ठेवावीत. ती गिलाव्याने लिंपली जाणार नाहीत याकडे मालकाने स्वतः लक्ष द्यावे, कारण भिंती बहुधा मागे साठलेल्या पाण्याच्या दाबानेच फुगतात. शोषखड्डा भिंतीच्या वरच्या अंगाला कधीही घेऊ नये. मातीकाम पावसाळा सरल्यावर सुरू करून चर आणि भिंती मे महिन्याच्या मध्यापर्यंत पुऱ्या कराव्यात, आणि उघड्या उतारावर पहिल्याच पावसात वाळा लावावा.