जुलैचा वारा आणि रोटाव्हेटर मारलेलं रान

मृगाचा शिडकावा झाला की सोलापूरच्या मोहोळ-मंगळवेढा भागात रोटाव्हेटरची (ट्रॅक्टरमागचं माती भुगा करणारं यंत्र) घाई उडते. रान पिठासारखं होतं. मग पाऊस दडी मारतो, पश्चिमेचा वारा दिवसभर सुटतो, आणि उगवण विरळ झाली की बोल बियाण्याला लागतो. खरं नुकसान रोटाव्हेटरनं केलेलं असतं.

साधारण 0.1 ते 0.5 मिलिमीटरचे कण वाऱ्यानं उड्या मारत जातात. पडणारा प्रत्येक कण पुढचे कण उडवतो. त्याहून बारीक, सकस माती धूळ होऊन शिवाराबाहेर जाते. मागं जाडी वाळू आणि खडे उरतात. राजस्थानच्या थर वाळवंटातल्या टेकड्या याच उड्यांनी रचल्या. आपल्याकडं बांधावरच्या बोरीच्या आडोशाला बघा, मातीचा निमुळता ढीग साचलेला दिसेल. ती तुमच्याच रानाची माती आहे. काळी माती जड असते, उडत नाही, हे खरं नाही: वाळली की तिचे दाणे सुटतात आणि तेही उडतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की माती नेण्याची ताकद सुमारे आठपट होते.

हे कण तुरीची कोवळी रोपं जमिनीलगत सोलतात. बुंधा फक्त पश्चिमेकडून खरचटलेला असेल तर मर रोग समजून औषध आणू नका. दुकानदार ‘माती सुधारक’ दाण्यांची पिशवी पुढं करेल, तीही नको. तो पैसा शेणखतात घाला.

पेरणीचं नेहमीचं:
- ट्रायकोडर्मा (रोगाला आळा घालणारी बुरशी) 5 ग्रॅम, प्रतिकिलो बियाणं
- तुरीला रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) 250 ग्रॅम, 10 किलो बियाण्यास
- तुरीला हेक्टरी 25 किलो नत्र, 50 किलो स्फुरद
- बाजरी-तूर 2:1 ओळी
- पेरणी वापशावरच (माती ओली, पण चिकटत नसताना)

पण आधी माती धरा. कुळवाची एकच पाळी द्या, मुठीएवढी ढेकळं राहू द्या, धसकटं वेचून जाळू नका. उतार परवानगी देत असेल तर ओळी दक्षिणोत्तर घ्या. पश्चिम बांधावर शेवरी किंवा गिरिपुष्प लावा; उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा मिळतो. मात्र गच्च भिंत करू नका, तिच्यामागं वारा भोवरे घेतो.

माझा ठोकताळा असा: दुपारी रानात उभं राहिल्यावर पिंढरीला कण टोचू लागले की कुळव थांबवा.

रान आधीच पीठ झालं असेल तर पुढच्या सरीनंतर, ओल असतानाच, वाऱ्याला आडवी नांगराची तासं थोड्या थोड्या अंतरावर घाला आणि ढेकळं वर काढा. वाळल्यावर ती निघत नाहीत.