सिनेटर कडाडला तरी बुकिंग थांबवू नका

न्हावा शेवा बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं मी 2004 पासून करतेय. आता वाशीच्या ऑफिसात नवी पोरं बसतात. तिकडे अमेरिकेत कुणी सिनेटर टॅरिफवर, म्हणजे आयात करावर, कडाडला की इकडे फोन: "मॅडम, जहाजाचं बुकिंग थांबवू का?" थांबा जरा.

भाषण सोडा. माणूस कुठून निवडून येतो आणि तिथे काय पिकतं ते आधी बघा. अध्यक्षांचे सल्लागारही तेच बघतात. चक ग्रासली ट्रम्प यांच्याच पक्षाचे, पण आयोवाचे. आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरं. अमेरिकेने पोलादावर 25 टक्के लावले, मेक्सिकोने उलट पोर्कवर 20 टक्के ठोकले. एप्रिल 2019 मध्ये ग्रासलींनी पेपरात लेख लिहून बजावलं: कॅनडा-मेक्सिकोच्या पोलादावरचा कर काढा, नाहीतर त्या दोघांशी ठरलेला नवा व्यापार करार विसरा. 17 मेला कर काढल्याची घोषणा झाली.

एवढं ऐकलं कारण खुर्ची. करार ज्या फायनान्स कमिटीतून जाणार, तिचे ते तेव्हा अध्यक्ष. मुळात आयात कराचा अधिकार घटनेने तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, दिलाय, अध्यक्ष तो कायद्याने उसना घेतो. म्हणून नुसता सदस्य ओरडला तर मी चहा संपवते, कमिटीचा अध्यक्ष बोलला तर कप खाली ठेवते.

सदस्याकडे खुर्ची नसली पण त्याने मतं जमवली, तर त्याला बाजूने काहीतरी देतात. 1993 ला नाफ्टासाठी, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोशी झालेल्या जुन्या व्यापार करारासाठी, क्लिंटनच्या माणसांनी फ्लोरिडाच्या संत्रंवाल्यांना, साखरवाल्यांना असंच सांभाळलं आणि 234 विरुद्ध 200 ने निभावलं. रेगन यांनी कापड आयातीवरचं बिल नाकारलं होतं. तो नकार उलथवायचं मतदान ऑगस्ट 1986 मध्ये होतं. त्याच्या तोंडावर सरकारने कापड-कोट्याचा, म्हणजे कुठल्या देशाने किती कापड पाठवायचं याचा, आंतरराष्ट्रीय करार कडक करून आणला. विरोधकांना 8 मतं कमी पडली. सिनेटर-बिनेटर शांत झाले, भरलं कोणी? आपण. मी लागले ते त्या कोट्यांचं शेवटचं वर्ष. इनव्हॉइसवर निळ्या शाईचा गोल शिक्का लागायचा, त्याला 'व्हिसा' म्हणायचे. शिक्का पुसट उठला की पोटात गोळा.

आदेश निघालाच तर दर नंतर वाचा, आधी तारीख. 2025 मध्ये 7 ऑगस्टच्या आधी जहाजावर चढलेल्या आणि 5 ऑक्टोबरच्या आत अमेरिकेत क्लिअर झालेल्या मालाला वाढीव करातून सूट होती. चढलेल्या, बंदरात पोचलेल्या नव्हे. आमचा एक कंटेनर 5 ऑगस्टला बंदराच्या गेटच्या आत होता. चढला 8 ला.